बाहेरून आणलेला मिक्सर लावू का?

प्रश्न : बहिणीने अमेरिकेहून मिक्सर आणि हेअर ड्रायर आणलाय. आमच्याकडे २३० व्होल्ट आहे. पिनेला अडॅप्टर लावला की चालेल ना?

उत्तर : थांबा, अजून लावू नका! अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आधी वस्तू उलटी करून तळाची पट्टी वाचा. ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर निर्धास्त लावा. मोबाइलचे चार्जर बहुधा असेच असतात. नुसतं ‘१२० व्होल्ट’ असेल, तर १,२०० वॉटचा ड्रायर २३० वर जवळपास ४,४०० वॉट ओढू पाहतो. असा एक मी उघडला होता. तार तुटून काळी, प्लास्टिक ओघळलेलं, आणि तो वास दिवसभर हाताला. तुमच्या ताईंना वाईट वाटेल, पण ड्रायर २३० व्होल्टचा नवाच घ्या. आणलेल्या ड्रायरला पेलणारा ट्रान्सफॉर्मर (२३० चे १२० व्होल्ट करणारं यंत्र) फार अवजड होतो.

मिक्सरला असा व्होल्टेज उतरवणारा (स्टेप-डाउन) ट्रान्सफॉर्मर चालेल, मात्र मिक्सरच्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, कारण मोटर सुरू होताना जास्त करंट खेचते. तिकडच्या विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०; पण मिक्सरमध्ये असते तशा कार्बन ब्रशच्या मोटरला त्याने फारसा फरक पडत नाही.