पैसे अडकले म्हणून लोकांच्या घरातले दिवे बंद करू नका

प्रश्न : मी नाशिकचा फ्रीलान्स इंजिनिअर. एका कंपनीसाठी फ्लॅटमधले दिवे, पंखे, गिझर आणि दाराचं कुलूप वायफायवरून चालवणारा कंट्रोलर तयार केला. त्यातल्या ईएसपी-३२ या वायफाय चिपवरचं फर्मवेअर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, माझाच. करार नाही, सगळं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर. ४ लाख २० हजार थकलेत. कंपनी म्हणते, ‘कामाचे पैसे घेतलेस, आता कोड आमचा.’ ओटीए अपडेटचं, म्हणजे दुरूनच हा प्रोग्रॅम बदलण्याचं, लॉगिन माझ्याकडे आहे. यंत्रणा बंद केली तर?

उत्तर : अजिबात करू नका, तशी धमकीही देऊ नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं, त्यात बिघाड करणं, हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३मध्ये येतं. ‘संगणक’ची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की भिंतीतला तुमचा कंट्रोलर तीत सहज बसतो. अप्रामाणिक हेतू दिसला की कलम ६६ : ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लॉगिन दिलं होतं ते कामासाठी, वसुलीसाठी नव्हे. शिवाय फ्लॅटवाला तुमचं काही देणं लागत नाही. त्याची आई दाराबाहेर अडकली, तर पोलीस तुमच्या थकबाकीची चौकशी करत बसणार नाहीत.

कोडबाबत मात्र तुमची बाजू भक्कम आहे. कॉपीराइट कायदा, १९५७नुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती. नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा. तुम्ही नोकर नव्हता. हक्क हस्तांतरित करायचा तर कलम १९प्रमाणे सहीनिशी लेखी कागद लागतो, तो कंपनीकडे नाही. पण ठरलेल्या उत्पादनात कोड वापरायची मुभा तुम्ही वागण्यातून दिलीत, असं न्यायालय म्हणू शकतं. त्यामुळे विक्री थांबवण्याची फार आशा धरू नका.

जोर पैशांवर द्या. काम घेण्याआधीपासून तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) असेल, तर एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करा. थकबाकीवर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज मागता येतं. नोंदणी नसेल, तर रक्कम ३ लाखांवर असल्याने व्यावसायिक न्यायालय. तिथे तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे.

आधी वकिलामार्फत नोटीस द्या. ‘कोडचे हक्क दिलेले नाहीत’ हे वाक्य त्यात हवंच. चॅट असलेला मोबाइल विकू किंवा फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागेल. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं. बिलांच्या तारखा आजच तपासा.