नेल्सनच्या वस्तू पहिल्यांदा बघताना

पहिल्याच फेरीत अख्खं संग्रहालय उरकायला जाऊ नका. लंडनमधल्या ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये (प्रवेश फुकट आहे) आधी ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा कोट गाठा, ट्रफाल्गरच्या सागरी लढाईत मारला गेला तेव्हा अंगावर होता तो, आणि निदान पंधरा मिनिटं तिथेच थांबा. डाव्या खांद्यावर, झुबकेदार पदचिन्हाजवळ, गोळीचं भोक दिसेल. छातीवरचे चार तारे धातूचे नाहीत, भरतकामाचे आहेत. काचेला थोडं तिरकं उभं राहिलात तर टाके दिसतात.

मग चित्रांकडे वळा. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे चित्राला फोटो समजणं. चित्रकार बेंजामिन वेस्टने १८०६ साली नेल्सनला डेकवर, गर्दीत मरताना दाखवलं. प्रत्यक्षात त्याने प्राण सोडला तो जहाजाच्या खालच्या अंधाऱ्या मजल्यावर. डेव्हिस या दुसऱ्या चित्रकाराने त्या जहाजावर जाऊन रेखाटनं केली, जागा बरोबर पकडली, तरी छत मात्र प्रत्यक्षापेक्षा उंच केलं. म्हणून पाटीवर दोन तारखा शोधा: घटनेची (२१ ऑक्टोबर १८०५) आणि चित्राची.

पाटीवर आणखी दोन गोष्टी बघा:
- 'ची असल्याचं मानलं जातं' असं लिहिलंय का? तो पुरावा नव्हे.
- वस्तू संग्रहालयात कोणाकडून, कधी आली? कोट १८४५ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्टने विकत घेऊन ग्रिनिचला दिला.

'नेल्सनच्या जहाजाचं तांबं' म्हणून विकली जाणारी पदकं लगेच घेऊ नका. बरीचशी 'फूद्रोयां' नावाच्या जहाजाच्या तांब्याची असतात. ते जहाज नेल्सनचंच, पण ट्रफाल्गरला नव्हतं. १८९७ मध्ये ब्लॅकपूलजवळ फुटलं आणि त्याच्या तांब्या-लाकडाच्या आठवणवस्तू झाल्या.

पदकांच्या कडा आणि शिक्के तपासणं इतक्यात नको.