जुनी गाडी म्हणून जाड ऑइल टाकायचं का?

प्रश्न : माझी पेट्रोल कार 9 वर्षं जुनी आहे, 1 लाख किमी पार झालेत. मॅन्युअलमध्ये 5डब्ल्यू-30 ऑइल लिहिलंय पण मेकॅनिक म्हणतो गाडी जुनी झाली, आता 20डब्ल्यू-50 टाका, इंजिन टिकेल. टाकू का? आणि सर्व्हिसिंगनंतर महिनाभरातच ऑइल काळं पडतं, ते खराब झालं असं समजायचं का?

उत्तर : गाडी ऑइल खात नसेल तर 5डब्ल्यू-30च ठेवा, अजिबात बदलू नका. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं, आणि नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ते किती जाड राहतं ते सांगतो. आता बघा, गाडी रात्रभर उभी असते तेव्हा बरंचसं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं, सकाळी सेल मारला की ते वर कॅमशाफ्टपर्यंत (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पोचायला थोडा वेळ जातो आणि इंजिनची बरीच झीज त्या पहिल्या काही सेकंदांतच होते. 20डब्ल्यूचं ऑइल तिथं अजून उशिरा पोचणार. म्हणजे ज्या झिजेच्या भीतीने जाड ऑइल टाकायचं तीच वाढवून ठेवायची, हे मला तरी पटत नाही.

खात असेल तर गोष्ट वेगळी. दर 1000 किमीला डिपस्टिक बघा, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर 5-10 मिनिटं थांबून, काडी एकदा पुसून परत घालून. पातळी सारखी खाली जात असेल तर आधी गळती शोधा, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या खालच्या भागात साठणारे वायू परत जळायला पाठवणारी झडप) तपासा. त्यानंतरही जाड ऑइल हवंच असेल तर बऱ्याच मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिलेले असतात, त्यातलंच घ्या. डब्यावर एपीआयचा (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) कोडही बघा, मॅन्युअलमध्ये एसएन असेल तर 2020 मध्ये आलेलं एसपी बिनधास्त चालतं. आणि वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका हं, क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) त्यात फिरून फेस करतो आणि ऑइलचा दाब पडतो.

काळ्या रंगाला घाबरू नका. ऑइलमधलं डिटर्जंट काजळी धरून ठेवतं म्हणून ते काळं दिसतं, म्हणजे ते त्याचं काम करतंय, डिझेल गाडीत तर चार दिवसांत काळं होतं. पण डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर कूलंट मिसळत असण्याची शक्यता असते, तेव्हा गाडी न चालवता आधी दाखवून घ्या.