खिडकीतून फेकायलाही शब्द आहे!

प्रश्न: परवा एका लेखात 'डिफेनेस्ट्रेशन' असा शब्द वाचला. म्हणजे नक्की काय, आणि एवढा अवघड शब्द आला कुठून?

उत्तर: सरळ सांगायचं तर एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकणं. लॅटिनमध्ये 'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी. पण खरी गंमत प्रागची, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीची आहे. २३ मे १६१८ ला तिथल्या किल्ल्यात चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी पवित्र रोमन सम्राटाचे दोन कॅथलिक कारभारी आणि त्यांचा सेक्रेटरी अशा तिघांना उचलून थेट खिडकीबाहेर टाकलं, आणि पंधरा-वीस मीटर खाली पडूनही तिघंही वाचले बरं का! कॅथलिक म्हणाले देवदूतांनी झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले कसले देवदूत, खाली उकिरडा होता. सेक्रेटरीला तर पुढे सरदारकी मिळाली, तीही 'होहेनफाल' म्हणजे 'उंचावरून पडणं' अशा नावाची, सम्राट भलताच मिश्किल असावा. यातूनच मग युरोपातलं 'तीस वर्षांचं युद्ध' पेटलं. प्रागला हे नवीन नव्हतं म्हणा, १४१९ मध्येही तिथे नगरभवनातून माणसं अशीच फेकली होती. हल्ली कुणाला पदावरून तडकाफडकी हाकललं तरी हाच शब्द वापरतात, तिथे खिडकी नसली तरी चालते.