अँड्र्यू मरे यांचा मृत्यू नेमका केव्हा झाला?

स्कॉटलंडमध्ये इंग्रजांविरुद्ध झालेल्या स्टर्लिंग पुलाच्या लढाईत विल्यम वॉलेस यांच्या बरोबरीने स्कॉटिश सेनापती असलेल्या अँड्र्यू मरे यांच्या मृत्यूची तारीख कोठे 11 सप्टेंबर 1297, म्हणजे लढाईचाच दिवस, तर कोठे त्याच वर्षाचा नोव्हेंबर अशी दिलेली आढळते. माझ्या मते नोव्हेंबरकडे झुकणारा पुरावा अधिक भक्कम आहे.

पहिल्या तारखेचा आधार म्हणजे 1300 मधील वारसा-चौकशी, ज्यात ते स्टर्लिंग येथे (इंग्लंडच्या) राजाविरुद्ध लढताना मारले गेल्याचे नमूद आहे. परंतु वारस कोण, एवढेच ठरवणाऱ्या त्या चौकशीला जखमेने त्याच दिवशी मृत्यू आला की काही आठवड्यांनी, याच्याशी कर्तव्य नव्हते. उलट, 11 ऑक्टोबर 1297 रोजी हॅडिंग्टनहून ल्युबेक व हॅम्बर्ग या जर्मन शहरांच्या महापौरांना व नागरिकांना पाठवलेले पत्र आणि 7 नोव्हेंबरचे उत्तर इंग्लंडमधील हेक्सॅम मठाला दिलेले अभयपत्र, ही दोन्ही त्या वेळचीच असून त्यांत मरे यांचे नाव वॉलेस यांच्याही आधी येते. मृताच्या नावाने अभय देण्यात काय अर्थ होता? अर्थात, पत्रावर नाव असल्याने ते तेथे प्रत्यक्ष हजर होते असे सिद्ध होत नाही. जखमी अवस्थेत ते दूर असू शकतील.

29 मार्च 1298 च्या सनदेत मात्र वॉलेस एकटेच राज्यरक्षक (राजाच्या वतीने राज्य सांभाळणारे) म्हणून दिसतात, म्हणून वंशावळीत ‘1297 च्या अखेरीस, स्टर्लिंगच्या जखमांमुळे’ असे लिहावे आणि नेमका दिवस घालू नये.