‘रिव्हॉल्व्हर’: रीमास्टर की रीमिक्स?

प्रश्न असा: बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमची २०२२ची आवृत्ती रीमास्टर म्हणायची की रीमिक्स, आणि या ‘मास्टर’चं मास्तरांशी काही नातं आहे का?

रीमिक्स. तरी सर्रास ‘रीमास्टर’ म्हटलं जातं, कारण आपल्याकडे रीमिक्स म्हणजे जुन्या गाण्याला चिकटवलेले नवे ठेके, आणि तो शब्द बीटल्सना लावायला जीभ धजत नाही. पण ही दोन कामं वेगळी आहेत. १९६६ साली लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या स्टुडिओत चार ट्रॅकच्या, म्हणजे फितीवर चार स्वतंत्र ध्वनिपट्टे असलेल्या यंत्रावर मुद्रण झालं. ते ट्रॅक मिसळून जी अंतिम फीत बनते, ती मास्टर. २००९ साली ती फीत डिजिटल करून साफ केली, पातळी नीट केली. हे रीमास्टर. यात बास वाढवला की त्याच कंप्रतेचा ड्रमही वाढतो. एकटी गिटार उचलून उजवीकडे नेता येत नाही. २०२२ साली निर्माता जाइल्स मार्टिन आणि ध्वनी अभियंता सॅम ओकेल थेट मूळ ट्रॅकांकडे गेले. ‘टॅक्समन’ या गाण्यात गिटार, बास आणि ड्रम एकाच ट्रॅकवर अडकलेले, चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूच्या मशीन लर्निंगने ते सुटे केले आणि मगच ते वेगवेगळे मांडता आले. वाद्याची जागा बदललेली ऐकू आली, तर ते रीमिक्सच. (२०२२च्याच संचातली मोनो, म्हणजे डावं-उजवं नसलेली, आवृत्ती मात्र १९६६च्या मोनो मास्टरवरून घेतलेली आहे.)

आता मास्टर. लॅटिन ‘मागिस्तेर’: ‘मागिस’ म्हणजे अधिक, आणि ‘तेर’ हा आपल्या ‘उच्चतर’मधल्या ‘तर’चा सख्खा भाऊ. ‘मागिस’चा धातू तोच, ज्यातून संस्कृत ‘महत्’ आला. इंग्रजांकडून आला तो मास्तर. त्याच्या कितीतरी आधी पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्र’वरून आपला मेस्त्री झाला, देशभर पसरला तो मिस्त्री. शेवटी ‘ई’ दिसली की शब्द फारसी ठरवणाऱ्यांनी कोकण-गोव्यातल्या ‘मेस्त्री’तला ‘मे’ कुठून आला ते आधी सांगावं. पगार, चावी, घमेलं ज्या गलबतांतून उतरले, त्यांतूनच हाही उतरला. आणि ध्वनिफितीतली ‘फीत’सुद्धा! ती पोर्तुगीज ‘फिता’. ‘मास्टर फीत’ म्हणताना एक शब्द लंडनचा, एक लिस्बनचा.

‘मिक्स’ला परका समजणाऱ्यांचं तर मला अजिबात पटत नाही. लॅटिन ‘मिक्स्तुस’ आणि संस्कृत ‘मिश्र’ एकाच मुळाचे, आणि ‘मिश्र’च्याच घरातली आपली मिसळ. तेव्हा मराठीत लिहायचं तर ‘फेरमिश्रण’ बिनदिक्कत लिहा. शब्द घरचाच आहे.