गायगर काउंटरच्या (रेडिएशनचे कण मोजणाऱ्या यंत्राच्या) बोर्डावर ४०० ऐवजी १८० व्होल्टच का दिसतात? आणि पावसाळा लागल्यापासून मिनिटाला दोनशेच्या वर काउंट (मोजलेले कण) कसे?

प्रश्नात दिलेली माहिती अशी: कण पकडणारी एसबीएम-२० ट्यूब, ५५५ टायमर चिप आणि आयआरएफ८४० ट्रान्झिस्टरचं बूस्ट (व्होल्टेज वाढवणारं) सर्किट, घरीच सोल्डर केलेला बोर्ड, गाव नाशिक. एवढ्यावरून तरी ट्यूबवर संशय घेण्याचं कारण दिसत नाही.

आधी ते १८० व्होल्ट. साध्या मल्टिमीटरचा रोध १० मेगाओहम असतो. ४०० व्होल्टला तो ४० मायक्रोअँपिअर ओढतो. नुसत्या बॅकग्राउंडवर (आसपासच्या नेहमीच्या रेडिएशनवर) ट्यूब याच्या शतांशही घेत नाही. मीटर लावला की व्होल्टेज बसतं, काढला की चढतं. म्हणून मीटरवर ४०० आणायला पॉट (व्होल्टेज कमीजास्त करणारा फिरता रेझिस्टर) फिरवू नका. मीटर काढताच व्होल्टेज ट्यूबच्या ४७५च्या मर्यादेवर जाईल आणि ट्यूब खराब होईल. १०० मेगाओहमचे १० रेझिस्टर सिरीजमध्ये लावून त्यातून मोजा आणि आकड्याला १०१ने गुणा. ३.९६ दिसले म्हणजे ४०० आहेत.

तरीही कमी भरलं तर बूस्ट सर्किटमधला डायोड बघा. नाशिकच्या एम.जी. रोडवर सहज मिळतो तो १एन४००७, पण तो इथे फार संथ पडतो, यूएफ४००७ हवा. आयआरएफ८४०च्या गेटला १० व्होल्टच्या आसपास लागतात, यूएसबीच्या ५ व्होल्टवर तो अर्धवटच उघडतो.

आता काउंट. ट्यूब क्लिपमधून काढा, हाय व्होल्टेज चालू ठेवा, १० मिनिटं मोजा. शून्यच यायला हवं. आकडा चढला तर ते रेडिएशन नाही, सोल्डर करताना उरलेल्या फ्लक्सचा चिकट थर दमट हवेत पाणी धरतो आणि त्यावरून गळती होते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने दोन्ही बाजू घासा, हेअर ड्रायरने वाळवा, परत मोजा. (सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.) शून्य आल्यावरच कॉन्फॉर्मल कोटिंग (बोर्डाला ओलीपासून वाचवणारा लेप) द्या, ओल्या बोर्डावर दिलंत तर ओल आतच कोंडेल. धुऊनही काउंट आले आणि पॉट फिरवल्यावर बदलले, तर बूस्ट सर्किटमधल्या इंडक्टरचा (कॉइलचा) विद्युत नॉइज ट्यूबच्या कॅथोडच्या (ऋण टोकाच्या) ट्रॅकमध्ये शिरतोय. तो ट्रॅक इंडक्टरपासून लांब न्या.

पुढचा बोर्ड काढाल तेव्हा ५.१ मेगाओहमचा अॅनोड रेझिस्टर (ट्यूबच्या धन टोकाचा) क्लिपला अगदी खेटून ठेवा. मधे लांब ट्रॅक असेल तर त्याच्या कपॅसिटन्समधला चार्जही ट्यूबमधून जातो, मग एकाच कणाचे दोन-तीन काउंट होतात आणि ट्यूबचं आयुष्यही घटतं. ०८०५ आकाराचा (बोर्डावर चिकटवायचा छोटा) एक रेझिस्टर इथे चालणार नाही, त्याची मर्यादा साधारण १५० व्होल्ट, १२०६चे १.८ मेगाओहमचे तीन सिरीजमध्ये लावा. ४०० व्होल्टच्या ट्रॅकभोवती ३ मिमी मोकळं सोडा, खाली ग्राउंडचं तांबं भरू नका. ट्यूबचा डेड टाइम (एका कणानंतर ती दुसरा पकडू शकत नाही तो काळ) १९० मायक्रोसेकंद आहे, तेव्हा कोडमध्ये प्रत्येक पल्सनंतर २५० मायक्रोसेकंद इंटरप्ट दुर्लक्षित करा. आणि ट्यूबला थेट सोल्डर कधीच नको, फ्यूजच्या क्लिपा वापरा.

नाशिकचा खडक बेसाल्ट, ग्रॅनाइटपेक्षा त्यात युरेनियम-थोरियम कमी. त्यामुळे मिनिटाला विसेक काउंट आले तर बोर्ड ठीक आहे. १० मिनिटांत २०० आले तर त्यात १४ इकडेतिकडे होणारच. खात्रीसाठी कृषी सेवा केंद्रातून किलोभर म्युरिएट ऑफ पोटॅश (पोटॅशियमचं खत) आणा, पातळ पिशवीत भरून ट्यूबच्या चहूबाजूंनी लावा. त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४०मुळे आकडा स्पष्ट वाढतो. थोरियमवाली गॅसबत्तीची मेंटल मिळाली तर आणखी वाढेल, पण ती न जाळलेली आणि पिशवीत बंदच ठेवा. जळल्यावर तिची राख उडून श्वासात जाते.